दादांच्या कॉम्प्युटरचा परकायाप्रवेश

माणसाला एखादं नाव एकदा चिकटलं की ते काढायला सात जन्म पुरत नाहीत. या घरातल्या मुलाला सगळे 'इंजिनियर' म्हणत. तो इंजिनियर नव्हता. विमा कंपनीच्या दावे विभागात बसून लोकांच्या गाड्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यावर ठोकल्या गेल्या त्याचे फोटो बघणं, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. पण कधीकाळी त्याने ऑफिसातल्या प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद सगळ्यांदेखत ओढून काढला होता. बायकोने ते कौतुकाने शेजारी सांगितलं, आणि तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कोणाचं काही वाजलं, गळलं किंवा धुमसलं की यालाच हाक. त्याने पहिल्याच हाकेला 'अहो, मी इंजिनियर नाही' म्हणून टाकायला हवं होतं. पण आयतं मिळालेलं बिरुद नको म्हणणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? मीही नाही.

तर एका दुपारी दादांचा कॉम्प्युटर खोकायला लागला.

दादा म्हणजे इंजिनियरचे वडील. कोर्टात लघुलेखक होते. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं भराभर टिपून घ्यायचं आणि आपण चकार शब्द काढायचा नाही, असली ती नोकरी. ती त्यांच्या इतकी अंगी मुरली की निवृत्त झाल्यावरही घरात त्यांचा आवाज क्वचितच कानी पडे. रोज जेवण झालं की ते आपल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसत आणि बुद्धिबळ खेळत. कॉम्प्युटर जुना, खेळ त्याहून जुना. समोरच्या खेळाडूला त्यांनी 'वकीलसाहेब' असं नाव ठेवलं होतं. का, असं सुनेने एकदा विचारलं तर म्हणाले, "वेळ फार घेतो, आव मोठा आणतो आणि शेवटी नको तिथं घोडा पुढे करतो."

या वकीलसाहेबांचा देह आता थकला होता. आतला पंखा धाप लागल्यासारखा वाजे, मध्येच गप्प होई, आणि पडदा काळा पडे. इंजिनियरने डबा उघडून आत फुंकर मारली. ती धूळ त्याच्याच डोळ्यांत गेली, बाकी काही झालं नाही. मग डबा काखोटीला मारून तो दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदाराने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणाला, "याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. चालतोय तोवर चालवा. आज आहे, उद्या नाही."

घरी येऊन त्याने ते दादांना सांगितलं. त्या रात्री ते चार घास कमी जेवले, आणि आईने ते बरोबर पाहिलं.

"नवीन बुद्धिबळ आणून दे की त्यांना," बायको म्हणाली. हा उपाय आधीच करून झाला होता. इंजिनियरने दादांच्या फोनवर एक झकास खेळ घालून दिला होता. त्यात एक बाई प्रत्येक चालीला 'वा, छान' म्हणत असे आणि मधूनच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागे. दादांनी एक डाव खेळून फोन परत दिला. "हे ते नव्हेत," एवढंच म्हणाले. वकीलसाहेबांचा खेळ वेगळा काढून दुसरीकडे घालावा, तर त्याची मूळ तबकडी कोणालाच सापडत नव्हती. म्हणजे वकीलसाहेब त्या डब्यातच राहणार आणि डब्याबरोबरच जाणार. दादांची दुपारही त्यांच्याबरोबर जाणार, हे घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, पण कळलं सगळ्यांना.

अशा वेळी इंजिनियरने कुठेतरी वाचलं की जुना कॉम्प्युटर आहे तसा, अंथरुणपांघरुणासकट उचलून नव्या लॅपटॉपच्या आत राहायला नेता येतो. लॅपटॉपच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा आणि जुन्याची सगळी हार्ड डिस्क त्यात ओतायची. आतल्या प्रोग्रॅमना पत्ताच लागत नाही की आपलं घर बदललंय. वाचल्यावर तो इतका हरखला की जेवणाच्या टेबलावर त्याने जाहीर करून टाकलं, "दादा, तुमचा कॉम्प्युटर मी लॅपटॉपमध्ये घालणार."

"मावेल का?" आईने विचारलं.

"अगं, डबा नाही घालायचा. डब्याचा आत्मा काढून घ्यायचा."

"म्हणजे आतल्या बिचाऱ्यांना तुम्ही फसवणार," बायको म्हणाली. "त्यांना वाटत राहणार आपण जुन्याच घरी आहोत."

दादांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "खोटी साक्ष आहे ही," ते म्हणाले. पण डोळे जरा चमकले होते. ते पाहून इंजिनियरच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि इथेच सगळं फसलं. कारण आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही वार्ता शेजारच्या ऑडिटरकाकांकडे पोहोचली. ऑडिटरकाका निवृत्त होते, पण त्यांच्यातला ऑडिटर अजून कामावर होता. ते चहाच्या निमित्ताने आले, खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, "प्रत काढणार म्हणताय. चांगलं आहे. पण मूळ आणि प्रत दोन्ही चालू राहिली तर खरं कोण?"

"दोन्ही खरी, काका."

"असं चालत नाही. आमच्याकडे असं निघालं असतं तर मी लाल शाईने लिहिलं असतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ऐका. हार्ड डिस्क मरायला टेकली असेल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतात. माझ्या साडूच्या ओळखीत एकाने ठेवली होती."

"मग?"

"मग काय झालं ते विचारायचं राहिलं."

इंजिनियरने हा सल्ला मनातल्या मनात फेटाळला. आईने मात्र तो ऐकला होता, आणि माझ्या फ्रीजमध्ये असलं काही दिसलं तर याद राखा, असं तिने भिंतीकडे बघून सगळ्यांना सांगून ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात झाली. इंजिनियरने जुन्या कॉम्प्युटरला एक जाड वायर लावली, वायरीच्या टोकाला एक नवी डिस्क लावली आणि नक्कल करणारा प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली. ती पुढे सरकते आहे की आपल्यालाच तसं वाटतंय, हे कळायला मार्ग नव्हता. दादा स्टूल घेऊन शेजारी बसले. ऑडिटरकाका हजेरी लावून गेले. दुपारपर्यंत पट्टी निम्म्यावर आली, तेव्हा इंजिनियर अंघोळीला गेला. माणसाने आयुष्यात केव्हा केव्हा अंघोळ टाळावी याची काही कारणं असतात, त्यातलं हे एक होतं.

तेवढ्यात दादाही पाय मोकळे करायला उठले, आणि खोलीत आई आली. पडदा आपोआप काळा झालेला. खोलीत कोणी नाही. आईच्या हिशेबी कॉम्प्युटर झोपला होता. आणि झोपलेल्या कॉम्प्युटरवर धूळ बसते. तिने स्वतः विणलेलं जाड लोकरी आच्छादन त्याच्यासाठी कपाटात होतंच. रोज संध्याकाळी ते डब्यावर चढे. आज तिने ते जरा लवकर चढवलं, आजारी आहे म्हणून वर एक चादरही घातली, आणि चारी बाजूंनी नीट खोचली.

इंजिनियर टॉवेल खांद्यावर टाकून आला तेव्हा चादरीखालून गरम इस्त्रीसारखा वास येत होता. आतल्या पंख्याने जेवढं जमलं तेवढं केलं होतं आणि मग मान टाकली होती. पट्टी गायब. नक्कल अर्धवट.

"मला काय माहीत, ते कण्हत होतं," आई म्हणाली. "मला वाटलं थंडी वाजतेय."

दादांनी चादर काढून घडी घातली, आच्छादन घडी घातलं, आणि डबा थंड व्हावा म्हणून पुठ्ठ्याने त्याला वारा घालत बसले. बराच वेळ घालत होते. शेवटी बटण दाबलं, तेव्हा डबा एकदा घरघरला, थोडा विचार केला आणि उठला. त्यानंतर नक्कल पुरी होईतो दादा स्टुलावरून हलले नाहीत. जेवणाचं ताटही त्यांनी तिथेच मागवलं.

नक्कल झाली. ती लॅपटॉपमध्ये ओतली. सगळं घर जमलं. इंजिनियरने 'चालू' वर बोट ठेवलं, आणि पडदा निळाशार झाला. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लांबलचक मजकूर होता. त्याचा अर्थ थोडक्यात असा, की मी उठलोय, पण मला माझी डिस्क सापडत नाहीये. नव्या घरात पहिल्या रात्री जाग आली की दिव्याचं बटण कुठल्या भिंतीला हे कळत नाही, त्यातलाच प्रकार.

"रंग छान आहे," ऑडिटरकाका म्हणाले. ते कधी आले होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचे काही दिवस इंजिनियर ऑफिसातून येई, बूट काढे आणि लॅपटॉपसमोर बसे. ही सेटिंग बदल, ती बदल, परत निळं. बायकोने त्याच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. जिन्यात भेटणारे लोक "काय इंजिनियर, गेला का आत्मा?" असं विचारू लागले. बिरुदाची किंमत कशी वसूल होते, ते त्याला आता समजायला लागलं. आणि एका संध्याकाळी, डिस्क जोडण्याची पद्धत नवीऐवजी जुनी निवडायची एवढीशी गोष्ट केल्यावर, निळं न येता दादांच्या कॉम्प्युटरचा ओळखीचा पडदा लॅपटॉपवर उमटला. तेच फुलांचं चित्र. तीच चिन्हं, त्याच वेड्यावाकड्या रांगेत.

त्यावर मध्यभागी एक चौकट होती. यंत्रात फारच बदल दिसतो, तुम्ही अधिकृत वापरकर्ते आहात हे या क्रमांकावर फोन करून सिद्ध करा, नाहीतर पुढे जाता येणार नाही.

इंजिनियरने फोन लावला. आधी बराच वेळ वाद्यसंगीत झालं, मग एक बाई आल्या.

"सर, हा प्रोग्रॅम किती कॉम्प्युटरवर घातला आहे?"

"एकाच. म्हणजे जुना तोच आहे, पण तो आता दुसऱ्यात आहे."

"म्हणजे दोन?"

"नाही, एकच. तो तिथे होता, आता इथे आहे. तिथेही आहे तसा, पण नसल्यासारखाच."

"सर, तुम्ही एकच उत्तर द्या."

"साक्षीदार बिचकलाय," दादा मागून म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे करून फोन घेतला. घरच्यांनी दादांना फोनवर परक्या माणसाशी बोलताना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. "बाई, लिहून घ्या," ते शांतपणे म्हणाले. "व्यक्ती तीच, पत्ता बदलला. जुनी जागा सोडली."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "असं आधी सांगायचं ना, काका." आणि त्यांनी आकड्यांची एक लांबच लांब माळ सांगायला सुरुवात केली. दादांनी पाठकोऱ्या कागदावर आपल्या लघुलिपीत ती उतरवली. मध्ये बाई खोकल्या, तेसुद्धा दादांनी टिपलं होतं. चौकट नाहीशी झाली.

वकीलसाहेब नव्या घरी आले. ऑडिटरकाकांच्या आग्रहाखातर जुना डबा रीतसर बंद केला गेला आणि माळ्यावर चढला. आईने त्यावर आच्छादन घातलं, आता कोणाची हरकत नव्हती. इंजिनियरने त्या रात्री पलंगावर पडल्यापडल्या बायकोला आपण काय केलं ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तीही झोप येईपर्यंत ऐकत होती. बायकोने याहून जास्त काय करावं?

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी. पण दादा हरायला लागले.

रोज हरायला लागले. डाव सुरू होई आणि चहा उकळायच्या आत संपे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यानंतर दुपारी ते गॅलरीतच दिसू लागले. समोरच्या बिल्डिंगला रंग देत होते, तो बघत.

"काय झालं, दादा?" इंजिनियरने विचारलं.

"तो नाही राहिला तो. उद्धट झालाय."

"अहो, तोच आहे. एक अक्षरही बदललं नाही. पूर्वी जेवढा विचार करायचा तेवढाच करतो, फक्त लॅपटॉप वेगवान आहे म्हणून पटकन उरकतो."

"मी प्यादं ठेवून हात मागे घेत नाही तोवर तोंडावर उत्तर फेकतो. मग मलाही वाटतं, आपणही पटकन काहीतरी टाकावं." दादांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "राहू दे. तू फार केलंस."

हे 'तू फार केलंस' इंजिनियरला निळ्या पडद्यापेक्षा जास्त लागलं. एवढी उरस्फोड करून त्याने दादांचा सोबती वाचवला होता, आणि दादा रंगकाम बघत उभे होते. तो तणतणत स्वयंपाकघरात गेला. "तोच खेळ, तीच ताकद, आणि हे म्हणतात बदलला. आता काय करू मी?"

आई भांडी पुसत होती. तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "पूर्वी तो विचार करायला लागला की ह्यांना काही काम नसायचं. मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत बसायची. मग हे बोलायचे. सरळ समोर बसवलं तर हे तोंड उघडतात का? कोर्टात काय काय ऐकलं ते, तुझ्या लहानपणीचं, माझ्या गुडघ्याचं, सगळं त्या वेळात. त्याची चाल आली की गप्प." ती पुन्हा भांडी पुसायला लागली. "आता त्याला वेळच लागत नाही. मग हे कधी बोलणार?"

इंजिनियर तिथेच उभा राहिला. इतकी वर्षं तो शेजारच्या खोलीत होता आणि त्याला वाटत होतं दादा बुद्धिबळ खेळतात.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागात गेला. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं की तोंडी काही ऐकत नाही, पडद्यावर तक्रारीचा प्रकार निवडा. इंजिनियरने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मंद चालतो. फार मंद चालतो. अडकतो. चालतच नाही. 'फार वेगात चालतो' हा प्रकार कोणाला सुचलाच नव्हता.

"मला कॉम्प्युटर हळू करायचाय," तो म्हणाला.

गृहस्थांनी आता मान वर केली. "हळू?"

"हो. जितका जमेल तितका."

"मी या खुर्चीत बसल्यापासून लोक येऊन मला उलट सांगतात," ते गृहस्थ हळव्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी खुर्ची दिली. त्यांनी दाखवलं की आतल्या खोट्या कॉम्प्युटरला खऱ्याची किती ताकद वापरू द्यायची ते ठरवता येतं. एक पट्टी असते, ती मागे ओढायची. निघताना त्यांनी हात मिळवला.

घरी येऊन इंजिनियरने पट्टी पार मागे ओढली. वकीलसाहेबांनी पहिल्या चालीला इतका वेळ लावला की दादा खुर्चीतच घोरायला लागले. मग त्याने ती पुढे केली, मग थोडी मागे. परीक्षक म्हणून आईला बसवलं होतं. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वेळ तिच्या हाताला माहीत होता. ती घड्या घालायची आणि सांगायची.

"अजून चपळ आहे. एक चादर पण होत नाही माझी."

"आता?"

"आता अगदीच मंद झाला. जरा हुशार कर."

"आता बघ."

आईने चादर घेतली, झटकली, कोपऱ्याला कोपरा लावला, पुन्हा दुमडली, वरून हात फिरवला, आणि दोन पायमोजे जोडीला लावले. तेवढ्यात पडद्यावर टुक आवाज झाला आणि वकीलसाहेबांनी नको तिथं घोडा पुढे केला.

"आला," दादा म्हणाले. खुर्ची पुढे ओढून बसले.

त्यानंतर दुपार पुन्हा रुळावर आली. दादा पुन्हा जिंकू लागले, अधूनमधून हरू लागले, आणि चार घास परत आले. ऑडिटरकाकांना हे पटलं नाही. चांगल्या यंत्राची ताकद मुद्दाम वाया घालवणं ही अनियमितता आहे, असं त्यांनी नोंदवलं, म्हणजे जिन्यात सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या सुट्टीला आई बहिणीकडे गेली होती. पट्टी कुठे सरकली तर नाही ना, एवढं बघून उठावं म्हणून इंजिनियर दादांच्या खोलीत स्टुलावर बसला. दादांनी हत्ती सरकवला आणि पाठ टेकली. वकीलसाहेब विचार करू लागले. समोर घड्या घालणारं कोणी नव्हतं. दादांनी खिडकीकडे पाहिलं, हातांच्या नखांकडे पाहिलं.

"तुमच्याकडे नवा साहेब आलाय म्हणे," ते म्हणाले. "तुला त्रास देतो का?"

इंजिनियरने हे बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. 'छे, तसं काही नाही' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयारच होतं, चारचौघांत तो तेच वापरत असे. पण दादा त्याच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते, आणि त्यामुळे ते वाक्य निघेना. "देतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलतो. परवा तर म्हणाला, तुम्हाला काय कळतं." मग एकेक करत बाकीचंही बाहेर आलं. बूट घालताना हात जड होतात ते. नोकरी सोडावी असं वाटतं आणि घरी सांगायची लाज वाटते, तेसुद्धा. दादा नुसतं "हं" म्हणत होते, पण प्रत्येक ठिकाणी बरोबर.

टुक आवाज झाला. वकीलसाहेबांनी उंट हलवला होता. इंजिनियर सवयीने थांबला.

"दादा, त्याची चाल आली."

दादांनी पडद्यावरून नजर काढली आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"बसू दे त्याला," ते म्हणाले. "तू सांग."